घाटावरची बाई

भामाचा कुणावरही विश्वास नसे आणि याचा तिला मनापासून अभिमान होता. करंज्याच्या धक्क्यावर मासळी घ्यायला गेली की ती कोळणीच्या तोंडाकडे बघायचीच नाही, आधी माशाचे कल्ले उघडून बघायची. एखादीने "ताजी हाय गो, देवाशपथ" म्हटलं की भामा पाटी सोडून पुढे. जी शपथ घेते तिच्याच मासळीला वास येतो, हा तिचा अनुभव. मुलगी मनिषा, तिच्यासाठी खोपोलीचं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या घरचा चहा घेण्याआधी भामा शेजारणीकडे पाणी प्यायला गेली आणि तांब्या खाली ठेवेपर्यंत मुलाची सगळी कुंडली काढून बाहेर आली. मुलगा चांगला निघाला. भामाला त्याचं थोडं वाईटच वाटलं असावं.

पण हसू नका, जासईजवळच्या त्या गावात तिच्या संशयाला किंमत होती. बंदरासाठी जमिनी गेल्या, त्यानंतर एक दलाल गावात आला होता. घरोघरी पेढे वाटत फिरायचा आणि उरल्यासुरल्या वाड्यांच्या कागदांवर अंगठे घ्यायचा. भामाने पेढा हुंगला. "हा आपला सोयरा नाय, मग पेढा देतो कशापायी?" असं म्हणून तिने नवऱ्याचा पुढे झालेला अंगठा मनगटासकट मागे ओढला. वर्षभरात दलाल परागंदा झाला आणि अंगठे देणारे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसले. भामाची घरामागची वाडी तेवढी शाबूत राहिली. तेव्हापासून कुणी काही नवीन आणलं की म्हातारेसुद्धा म्हणत, "आदी भामेला इचार."

नवरा तुळशीराम मात्र साधा माणूस. मिठागरात जन्म गेलेला, उन्हाने रापलेला, उंच आणि अबोल. मिठागरं गेली तसा तो एका कंटेनरच्या गोदामावर वॉचमन लागला. खांद्यावर मीठ वाहणाऱ्या माणसाला दिवसभर खुर्चीत बसायला लावलं तर त्याचं जे होतं ते त्याचं झालं. जेवण जाईना, झोप येईना, घरी आला की उगाच अंगणात फेऱ्या मारायचा.

त्याला वाचवलं सायकलने. पनवेलात बँकेत नोकरी करणारा गुरुदत्त म्हणून एक पुणेकर होता. तो आणि त्याचे ऑफिसवाले मित्र हिवाळ्यात गियरच्या सायकली घेऊन तीन दिवसांची घाटफेरी करायचे. खोपोलीवरून बोरघाट चढायचा, तळेगाव, चाकण, नारायणगाव करत ओतूरला जायचं, माळशेज उतरायचा आणि मुरबाड-कल्याणवरून परत पनवेल. एकदा ही मंडळी सरावाला निघाली असताना मागून काळ्या दांडीच्या साध्या सायकलवर, कॅरियरला तांदळाचं पोतं बांधलेला एक माणूस आला आणि त्यांना मागे टाकून गेला. गुरुदत्तने दमछाक होईपर्यंत पाठलाग करून त्याला थांबवलं. तो तुळशीराम.

त्या हिवाळ्यात तुळशीराम त्यांच्याबरोबर गेला. गियरवाले बोरघाटात सायकली ढकलत होते आणि हा गडी पाय खाली न टेकता वर जाऊन चहा पीत बसला होता. गावाने मारुतीच्या देवळासमोर शाल दिली, पोरं त्याला घाटवाला म्हणू लागली. पुढे दर हिवाळ्यात, महिन्यातून एकदा, त्याची फेरी ठरलेली. भामा वरवर कुरकुरायची, पण कुठल्याही हळदीला गेली की बोलता बोलता "आमचे मालक घाट चढतात ना" हे वाक्य तिच्या तोंडून एकदा तरी जायचंच. फेरीवरून तो परतला की त्याच्या पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असायच्या. ती खोबरेल तेलात लसूण कडकडवून पाय चेपायला बसायची. तो कण्हायचा, ती शिव्या घालायची. दोघांच्या संसारात एवढं लाडाचं दुसरं काही नव्हतं.

त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतर तो पहिल्या फेरीवरून आला. भामा तेलाची वाटी घेऊन बसली, तर त्याने पाय आखडून घेतले.

"नको. दुखत नाय."

भामाच्या मनात पाल चुकचुकली. चार वर्षं दुखणारे पाय यंदाच कसे दुखत नाहीत? घाट तर तेवढाच होता. तिने मुद्दाम पोटरीला हात लावून बघितला. लोण्यासारखी मऊ. याचा अर्थ एकच होता आणि तो कळायला फार अक्कल लागत नाही. नवऱ्याचे पाय दुसरं कुणीतरी चेपून पाठवत होतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. शिवाय या वेळी सदऱ्याच्या उजव्या बाहीला काळा, तेलकट डाग. भामा तो दगडावर घासत होती तेव्हा थोरली जाऊ गुणाबाई शेजारीच धुणं धूत होती. गुणाबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिने मान लांब करून डाग बघितला आणि म्हणाली, "काजळ दिसतंय, भामे."

"सायकलच्या साखळीचा हाय."

"साखळी पायाशी असते ना गो? डाग तर हाताला हाय."

भामाने डाग आणखी जोरात घासला. एरवी काजळ कुठलं आणि वंगण कुठलं हे तिने झोपेतही ओळखलं असतं. पण संशय एकदा डोळ्यांत शिरला की माणूस वासही डोळ्यांनीच घेतो. तिला तो डाग काजळच दिसायला लागला. पुढे तिला बाईसुद्धा दिसायला लागली. ओतूरकडची, गोरी, भरल्या अंगाची, घाटावरचं ठसक्यात बोलणारी. भामाने तिला नाकात नथ घातली, हातात हिरवा चुडा घातला, तेलाची वाटी दिली, आणि मग स्वतःच तिच्यावर जळत बसली.

पनवेलच्या बाजारात तिला गुरुदत्त भेटला. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "यंदा घाटात थंडी लय हाय म्हंतात, भाऊ?"

"अहो वहिनी, दादा दिवाळीपासून आमच्याबरोबर असतातच कुठे?" गुरुदत्त हसला. "म्हणाले, तुम्ही तुमचे जा, मी माझ्या टाइमने जाईन. त्यांना गियर लागत नाही आणि आता कंपनीही लागत नाही!"

भामा घरी आली ती पायाखालची वाट न बघता. जेवताना तिने विचारलं, "मागल्या येळेला ओतूरला कुटं झोपलात?"

"देवळात."

"संगती कोन व्हता?"

तुळशीरामचा घास जरासा थांबला. "गुरुदत्तसायेब. आनखी कोन?"

झालं. माणूस आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत असला की ते लगेच कळतं, कारण त्याला ते बोलता येत नाही. भामाने त्याला वरून आमटी वाढली. पंचवीस वर्षं या माणसाच्या साधेपणावर तिने एकदाही संशय घेतला नव्हता. साऱ्या जगाचे कल्ले उघडून बघितले आणि घरातला मासा तेवढा बघायचा राहून गेला, याचं तिला रडू येत होतं. रडली नाही. पकडल्याशिवाय रडायचं नाही असं तिने ठरवलं.

जानेवारीत तो पहाटे सायकल घेऊन निघाला. "मी मनिषेकडं जाऊन येते," असं गुणाबाईला सांगून भामा मागोमाग एसटीने निघाली. पनवेलला लोणावळ्याची गाडी मिळाली. खिडकीची जागा धरून, डोक्यावरून पदर ओढून ती बसली. खोपोली आली. मनिषाचं घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, पण भामा उतरली नाही.

गाव संपून घाट सुरू होतो तिथे तिला तो दिसला. सायकल वडाला टेकवून रस्त्याच्या कडेला उभा होता. रुमालाने तोंड पुसत होता आणि पुन्हा पुन्हा मागे, खालच्या रस्त्याकडे बघत होता. वाट बघत होता! कुणाची तरी वाट बघत होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. गाडी त्याच्या अंगावरून पुढे गेली तरी त्याचं लक्ष नव्हतं. म्हणजे ती खालून येणार होती. दोघं मिळून वर जाणार होती. बरं, भामा मनाशी म्हणाली, वर या. वर तुमची आई बसलेय.

तिने बोलायचं काय तेही ठरवून टाकलं. त्या बाईला एक शब्द बोलायचा नाही. फक्त तिच्यासमोर नवऱ्याला विचारायचं, ही तुमची कोण सोयरी, हिच्या घरी कोण मेलं की तुमचा खांदा लागतो का?

अर्ध्या घाटात, शिंग्रोबाच्या देवळाजवळ एसटीने दम सोडला. बोनेटमधून वाफा निघाल्या, ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन उतरला. उतारू देवाला नाणी टाकत होते. भामानेही खिडकीतूनच टाकलं आणि हात जोडले, पण मागायचं काय ते तिला सुचेना. तेवढ्यात घरघर करत एक लोखंड लादलेला ट्रक खालून आला आणि गोगलगाईसारखा तिच्या खिडकीजवळून वर सरकला. त्याच्या मागच्या फळीला एक वंगणाने माखलेली साखळी लोंबत होती. ती साखळी उजव्या हाताने पकडून, डाव्या हाताने सायकलचं हँडल सावरत, धुरात तोंड उघडं टाकून एक माणूस ओढला जात होता. पाय पायडलांवर नुसते ठेवलेले.

भामाचा घाटवाला.

आधी तिला इतकं हलकं वाटलं की ती हसलीच. बाई नाही! शेजारच्या उतारूने चमकून तिच्याकडे बघितलं. मग तिला राग आला. शाल, मारुतीचं देऊळ, हळदीला मारलेल्या फुशारक्या, सगळं एकदम आठवलं. चोर! लबाड! मग ट्रक वळणावर मागे घसरल्यासारखा झाला, साखळीला हिसका बसला, सायकल दरीच्या बाजूला फेकली गेली आणि सावरली. भामाचा राग तिथेच विरला. तिला फक्त भीती उरली.

एसटी सुरू झाली, ट्रकला मागे टाकून वर आली. खंडाळ्याला भामा उतरली आणि रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीपुढे दगडावर बसली.

ट्रक आला. तुळशीरामने बायको बघितली आणि त्याच्या हातून साखळी सुटली. सायकल चार हात वेडीवाकडी गेली, मग तो एक पाय टेकवून उभा राहिला.

"तू? हितं?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मनिषेला काय झाला?"

"मनिषा बरी हाय. ट्रक कवापासून धरता?"

तुळशीरामने सायकल खाली ठेवली आणि दगडाच्या पलीकडच्या टोकाला बसला. टपरीवाल्याने न विचारता दोन चहा आणून ठेवले.

"दिवाळीपासून," शेवटी तो म्हणाला. "अर्ध्या घाटात छाती धरते. सपाटीला चालते सायकल, उताराला चालते. चढाला दम पुरत नाय."

"मंग घरी बसा ना! मराया कशाला येता?"

"घरी बसून काय करू?" तुळशीरामने चहाकडे बघत विचारलं. "शेत हाय का मिठागर हाय? गावात कोन इचारला, तुळशीराम काय करतो, तर पोरा सांगतात घाट चढतो. नाय चढलो तर काय सांगतील? वाचमन हाय, खुर्चीत बसतो."

एवढं लांब तो लग्नानंतर कधी बोलला नव्हता. मग त्याच्याच काहीतरी ध्यानात आलं.

"आन तू हितं कशी?"

खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे न खाल्लेल्यालाही खवखवत होतं. भामा पदराशी चाळा करू लागली.

"मना पकडाया आलीस?" तो हळूहळू म्हणाला. "मी ट्रक धरतो हे तुला ठावं नव्हता. मंग काय पकडाया आलीस?" आणि मग त्याला उमगलं. डोळे मोठे झाले. "बाई?"

भामाने मान फिरवली.

"मी? बाई?" तुळशीराम हसायला लागला. वाईट याचं, की तो रागावला नाही, खूश झाला. त्या माणसाची छाती फुगली. पन्नाशी उलटलेल्या, खुर्चीत बसणाऱ्या वॉचमनवर त्याच्या बायकोने असला संशय घ्यावा, हा शालीपेक्षा मोठा मान त्याला वाटला. "कशी व्हती गो? गोरी?" असं विचारून तो मांडीवर हात मारून हसला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. खोकला थांबेना. ओठ निळसर पडले, कपाळावर घाम फुटला. भामाने त्याची पाठ चोळली, टपरीवाला पाणी घेऊन धावला. तिच्या हाताखाली ती रुंद पाठ भात्यासारखी वरखाली होत होती आणि आत काहीतरी फडफडत होतं. भामाला तेव्हा कळलं की आपण तीन महिने चुकीच्या जागी बघत होतो. नवऱ्याच्या बाहीवर डाग शोधला आणि त्याच्या ओठांचा रंग बघितला नाही. स्वतःच्या हुशारीची तिला तिथे शिसारी आली.

पुढे जायचं नाही यावर तिने हट्ट धरला. सायकल एसटीच्या टपावर टाकायला तो तयार होईना, खोपोलीच्या स्टँडवर ओळखीचं कुणी बघेल म्हणून. शेवटी ती कॅरियरवर बसली आणि तो उतारावरून सायकल सोडत खाली निघाला. सगळा घाटभर ती त्याचा सदरा मुठीत धरून विचारत राहिली, ब्रेक लागतात ना, खरंच लागतात ना? मनिषाकडे दोन दिवस राहून दोघं गावी आली. लोकांना वाटलं, फेरी झाली.

पनवेलच्या डॉक्टरने छाती तपासली आणि सांगितलं, हृदय कमजोर झालंय, गोळ्या सुरू ठेवा, चढाचं नाव काढायचं नाही. भामाने दोनदा विचारलं, मग दुसऱ्या डॉक्टरकडे नेऊन तिसऱ्यांदा विचारलं. उत्तर तेच आलं. तुळशीरामने तिच्याकडून वचन घेतलं की गावात हे कुणाला कळता कामा नये. तिने दिलं. पण गाव विचारणार होतं, आणि विचारल्यावर सांगायचं काय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारीत गुरुदत्त स्कूटरवरून घरी आला. गुणाबाई ओटीवर तांदूळ पाखडत होती. भामाने चहा केला.

"दादा, या वेळी मोठा प्रोग्रॅम आहे," गुरुदत्त उत्साहाने सांगू लागला. "पनवेल, उरणची मिळून खूप मुलं घाटफेरीला येतायत. सगळ्यांच्या पुढे तुम्ही हवेत. साधी सायकल, पाय न टेकता, वरपर्यंत! मुलांना बघू दे. नाही म्हणायचं नाही."

तुळशीरामची मान वर आली. डोळ्यांत ती जुनी चमक आली. त्याचे ओठ हलायच्या आधीच भामाला कळलं की तो हो म्हणणार. हो म्हणाला तर घाटात मरेल. आणि खरं सांगावं लागलं तर इथेच, या ओटीवर, गुणाबाईसमोर मरेल.

"ते येनार नाय," भामा दारातून म्हणाली.

"का हो वहिनी?"

"मी नाय सोडत. घाटावर त्यांची बाई हाय."

गुणाबाईचं सूप थांबलं. गुरुदत्तने चहाची बशी ओठाला लावली होती, ती तशीच राहिली.

"मी जाऊन बघून आली," भामा पुढे म्हणाली. आवाज चढवून, शेजारी ऐकू जाईल असा. "खंडाळ्याला. माझ्या या डोळ्यांनी बघितली. आता घाट बंद. सायकलवर बसला तर तंगड्या मोडीन."

तुळशीराम तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याला समजलं, आणि त्याने सावकाश मान खाली घातली.

"नाही म्हणजे... घरचा प्रश्न आहे," असं काहीतरी पुटपुटत गुरुदत्त उठला. चपला घालताना त्याने तुळशीरामकडे एकदा चोरून बघितलं. त्या बघण्यात तिरस्कार नव्हता, थोडा आदरच होता.

तिन्हीसांजेपर्यंत गावभर झालं. कुणालाही शंका आली नाही, कारण भामाचा संशय आणि तो खोटा, असं आजवर घडलंच नव्हतं. नाक्यावरची माणसं म्हणाली, एवढा घाट चढणारा गडी, रग असणारच अंगात. बायका समाचाराला आल्या. जिने कधी कुणाची कीव घेतली नव्हती त्या भामापुढे त्या कीव ओतत बसल्या, आणि तिने ती मुकाट्याने घेतली.

गुणाबाई सगळ्यांत शेवटी उठली. जाता जाता तिने भामाच्या खांद्यावर हात ठेवला. "मी तवाच बोलली व्हती, भामे. तू ऐकला नाय."

भामाने आयुष्यात कधी दुसऱ्याचं खरं मानलं नव्हतं.

"व्हय जाऊबाय," ती म्हणाली. "तुमचाच खरा झाला." आणि मग तिला जे रडू फुटलं ते काही केल्या आवरेना. गुणाबाई पुन्हा खाली बसली, तिला पोटाशी धरून त्या घाटावरच्या बाईला शिव्या देऊ लागली. आतल्या खोलीत तुळशीराम खाटेवर बसून ते रडणं ऐकत होता. त्याला उठून बाहेर यावंसं वाटत होतं, पण बाई ठेवणाऱ्या नवऱ्याने अशा वेळी बाहेर यायचं नसतं, म्हणून तो बसून राहिला.